शेडमधला बंब

इंग्लंडात जुनं घर विकत घेतलं की घराबरोबर तीन गोष्टी फुकट मिळतात. एक गळकी पन्हळ, आधीच्या मालकाने अर्धवट सोडलेले रंगाचे डबे, आणि परसात एक लाकडी शेड. आमची शेड दहा बाय आठ फुटांची. फळ्यांच्या भिंती, वर डांबरी फेल्ट, आत गवत कापायचं मशीन आणि कोळ्यांची तीन-चार कुटुंबं. २०२० साली ऑफिस घरात आलं ते पुरतं परत गेलंच नाही, त्यामुळे मी शेड रिकामी केली, वीज नेली, भिंतींना आणि छताला आतून इन्सुलेशन लावलं आणि तिथे टेबल टाकलं. उन्हाळाभर मजेत गेला. नोव्हेंबरात बोटं कीबोर्डवर चालेनात.

आता सरळ उपाय म्हणजे विजेचा हीटर. तो आणलाही. पण ज्याने लहानपणी आजीकडच्या बंबापुढे उकिडवं बसून सकाळी सकाळी हात शेकलेत, त्याला हीटरच्या लाल दिव्याकडे बघून काही वाटत नाही हो. म्हटलं, लाकूड जाळायचा छोटा स्टोव्ह बसवू. इथे त्याचं फार कौतुक. बिडाची नाहीतर पोलादाची पेटी, पुढे काचेचं दार, वर धुराडं. आपल्या बंबाचा साहेबी चुलतभाऊच म्हणा ना.

बायकोने विचारलं, "म्हणजे लाकडाच्या खोक्यात लाकूड जाळणार?"

प्रश्न बिनतोड होता. आगपेटीच्या आत बसून काडी ओढण्यातलाच प्रकार. तिने दोन अटी घातल्या. काम नोंदणीकृत माणसाकडूनच करून घ्यायचं, आणि ते सुरक्षित का आहे हे तिला कागदावर समजावून सांगायचं. दुसरी अट जास्त कठीण होती. हा लेख म्हणजे त्याच कागदाची सुधारित आवृत्ती.

आधी बंबाबद्दल, कारण माझं सगळं डिझाइन त्याच्यावरून सुरू झालं. ज्यांनी बंब पाहिला नसेल त्यांच्यासाठी : तांब्याचं उभं पिंप, मधोमध आरपार नळी. नळीच्या तळाशी जाळी, जाळीवर विस्तव, नळीच्या भोवती पाणी. हवा खालून शिरते, धूर वरून जातो, पाणी तापतं. आजी त्यात लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या शेंड्या, कणसाची बुरकुंडं, हाताला येईल ते घालायची. त्या बंबाला धड धुराडंही नव्हतं, सगळा धूर न्हाणीघरातच. तरी कोणाला काही झालं नाही. (डोळे चुरचुरायचे ते सोडा. आणि वर्षानुवर्षं तो धूर ओढून आजीच्या छातीचं काय झालं असेल ते तिलाच माहीत.)

का झालं नाही? न्हाणीघराला कौलं होती, कौलांना फटी होत्या, दाराखालून मांजर जाईल एवढी जागा होती. घर गळकं होतं म्हणून माणसं वाचत होती. कोणी ठरवून केलेली ती सुरक्षितता नव्हती, घराच्या गळकेपणाबरोबर ती आपोआप मिळालेली होती.

हे मला कळलं ते वेगळ्या आणि वाईट प्रकारे. पुण्यात माझ्या पहिल्या नोकरीत एक सीनियर होता. आमच्याहून चार वर्षांनी मोठा, कोड बघताना कधी आवाज न चढवणारा. भाड्याचा फ्लॅट, छोटं बाथरूम, भिंतीवर सिलिंडरवरचा गॅस गीझर. बाथरूमच्या झडपेतून गार वारा येतो म्हणून घरमालकाने ती पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून बंद करून दिलेली. डिसेंबरातल्या एका सकाळी तो अंघोळीला गेला. पाऊण तासाने रूममेट्सनी दार फोडलं. नळ चालूच होता. आगबिग काही नाही, काळं झालेलं काही नाही, धूर नाही, वास नाही.

अशा बातम्या आपल्याकडे दर थंडीत पेपरात येतात. आपण "गीझरचा स्फोट झाला असेल" म्हणून पान उलटतो. स्फोट वगैरे काही नसतो. बंद खोलीत ज्योत हवेतला ऑक्सिजन खाते, तो कमी पडला की इंधन अर्धवट जळतं, आणि अर्धवट जळालं की कार्बन मोनॉक्साइड होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "इथून उठून बाहेर जावं" हे सांगणारा मेंदूच आधी मंदावतो.

म्हणजे बघा, आजीच्या न्हाणीघरात धुराडं नसलेला बंब होता आणि माणसं जगली. पुण्याच्या फ्लॅटमध्ये चकचकीत गीझर होता आणि माणूस गेला. फरक विस्तवात नव्हता, खोलीत होता. आणि मी नेमकं काय केलं होतं? एका गळक्या शेडच्या सगळ्या फटी इन्सुलेशनने बुजवल्या होत्या. ते थंडीसाठी बरोबरच होतं, पण आता तिथे विस्तव आणायचा तर फटींनी जे फुकट दिलं असतं ते मोजून, ठरवून परत द्यावं लागणार होतं. माझ्या मते शेडमध्ये स्टोव्ह बसवण्याचं सगळं शास्त्र एवढंच आहे. बाकीचे तपशील.

पण तपशीलच महत्त्वाचे, म्हणून ते सांगतो.

पहिला तपशील हवा. ढोबळ हिशेब असा. तीन किलोवॉटचा स्टोव्ह तासाला साधारण एक किलो वाळलेलं लाकूड खातो. एक किलो लाकूड नीट जळायला, गरजेपेक्षा थोडी जास्तीची धरून, आठ ते दहा घनमीटर हवा लागते. माझ्या शेडमध्ये एकूण हवा सोळा घनमीटर. म्हणजे तासाभरात स्टोव्ह निम्म्याहून अधिक खोली धुराड्यातून बाहेर फेकणार. तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. ती मिळाली नाही तर धूर वर चढायचा थांबतो आणि खोलीत उतरतो.

इंग्लंडातल्या बांधकाम नियमांच्या 'अप्रूव्हड डॉक्युमेंट जे' या भागात याचं माप दिलेलं आहे. हवाबंद प्रकारच्या इमारतीत दर किलोवॉटमागे ५५० चौरस मिलिमीटरचं कायम उघडं भोक. तीन किलोवॉटला १६५० चौरस मिमी, म्हणजे चार बाय चार सेंटिमीटरहून किंचित मोठं. एवढंसंच! मी त्याच्या तिप्पट ठेवलं. महत्त्वाचा शब्द 'कायम'. उघडझाप करायची झडप नको, कारण थंडी वाजली की माणूस ती बंद करतो. जाळी बसवायची तर उंदीर अडेल इतपत, पण इतकी बारीक नको की जळमटांनी बुजेल.

दुसरा तपशील स्टोव्हचा आकार. दुकानात गेलात की "मोठा घ्या, कमी जाळा" असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. ठीकठाक इन्सुलेशन असलेल्या खोलीला दर चौदा घनमीटरमागे एक किलोवॉट हा इथला ढोबळ ठोकताळा. त्या हिशेबाने मला सव्वा किलोवॉट पुरे होता, आणि एवढा लहान स्टोव्ह जवळपास मिळतच नाही. मोठा स्टोव्ह घेतला की वीस मिनिटांत शेडची भट्टी होते, मग माणूस हवेची कळ आवळतो. आवळली की लाकूड धुमसतं, धुराड्यात डांबर साचतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. म्हणून मिळेल त्यात लहानात लहान घ्यायचा आणि तो मोकळा, भडकून जळू द्यायचा. उकडलं तर दार उघडा, हवेची कळ आवळू नका.

तिसरा तपशील उष्णता, म्हणजे बायकोचा मूळ प्रश्न. लाकूड पेटायला अडीचशे-तीनशे अंश लागतात म्हणून "हाताला जरा गरम लागतंय, चालेल" असं बरेच जण म्हणतात. पण तेच लाकूड वर्षानुवर्षं रोज तापत राहिलं तर ते हळूहळू कोळशाकडे झुकतं आणि मग बऱ्याच कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. पहिल्या वर्षी काही झालं नाही यावरून पाचव्या वर्षाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. आमच्या धंद्यात अशा बगला फार वाईट समजतात : टेस्टिंगमध्ये कधीच दिसत नाही, प्रॉडक्शनमध्ये रात्री तीनला येतो.

यावर उपाय एकच, रिकामी जागा. एकेरी पत्र्याची नळी जळाऊ वस्तूपासून तिच्या व्यासाच्या तिप्पट लांब हवी. माझी नळी १२५ मिमीची, म्हणजे ३७५ मिमी. स्टोव्हभोवती किती जागा सोडायची ते त्याच्या पुस्तिकेत असतं. माझ्याला मागे ४०० मिमी. भिंतीवर सिमेंटचा न जळणारा बोर्ड लावला, तोही भिंतीला चिकटवून नाही, तर मागे २५ मिमीची पोकळी ठेवून, खालून आणि वरून उघडी. गरम झालेली हवा वर सरकते, खालून गार येते, भिंत गार राहते. खाली दगडी फरशी, दाराच्या पुढे ३०० मिमी आणि बाजूंना १५० मिमी बाहेर आलेली, कारण निखारा उडतो तो पुढेच. हे सगळं आखल्यावर दहा बाय आठातला चार बाय चारचा कोपरा गेला. शेडचा पाचवा हिस्सा निव्वळ 'काही न ठेवण्यासाठी'!

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे नळी छतातून बाहेर जाते ती. तिथे एकेरी नळी चालत नाही. छताचं लाकूड ३७५ मिमीच्या आत येण्याआधीच दुहेरी भिंतीची, मधे इन्सुलेशन असलेली नळी सुरू करायची. आणि तिच्याभोवतीही नळीच्या कंपनीने सांगितलेली फट सोडायची. माझ्या नळीला ती ६० मिमी होती. ही फट बघून कोणालाही वाटतं की इथून ऊब जातेय, जरा ग्लासवूल कोंबू. शेजाऱ्यांनी अगदी प्रेमाने तसं सुचवलंही. कोंबायचं नाही. फट मोकळी असली तर उष्णता वाहून जाते, कोंबलं तर साठते. कंपनीच्या झाकणपट्ट्या वापरायच्या आणि गप्प बसायचं.

आमचा मिस्त्री (इथे त्याला इन्स्टॉलर म्हणतात, पण बोलणं-चालणं अस्सल मिस्त्रीचं) हेटास या संस्थेकडे नोंदलेला होता. साठीचा, अस्सल यॉर्कशायरी, वाक्याला दोन शब्द. धुराड्याची उंची किती हा प्रश्न त्याने अर्धा तास घोळवला. डॉक्युमेंट साडेचार मीटरची उंची पुरेशी धरतं, आणि शेडवर तेवढी नळी म्हणजे जहाजाची डोलकाठी. शेवटी त्याने स्टोव्हच्या कंपनीचे आकडे घेऊन रीतसर हिशेब केला, नळी एकही वळण न देता सरळ नेली आणि वर तिला आधार दिला. मग स्टोव्ह पेटवून, दारं-खिडक्या लावून, धूर आत येतो का ते तपासलं. नाही आला. त्याने सर्टिफिकेट दिलं आणि फक्त एवढंच म्हणाला, "आत झोपू नकोस."

इथे एक कायदेशीर गंमत आहे. १५ चौरस मीटरपेक्षा लहान, आणि झोपायची सोय नसलेली स्वतंत्र शेड इंग्लंडात सहसा बांधकाम नियमांतून सुटते. त्यामुळे "शेडला कुठले आलेत नियम" म्हणून लोक हाताला येईल ती नळी लावतात. पण कायदा सुटला म्हणून रसायनशास्त्र सुटत नाही. आणि त्या वाक्यात 'झोपायची सोय नसलेली' हे शब्द उगाच नाहीत. जागा माणूस खोकतो, उठतो, दार उघडतो. झोपलेला माणूस यातलं काहीच करत नाही. शिवाय विमा कंपनीला स्टोव्हबद्दल आधी कळवायचं. ते नाही केलं तर पुढे कागदांच्या खेळात आपण हरतो.

चौथा तपशील अलार्म. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म म्हणजे हौस नव्हे. इंग्लंडात २०१० पासून घरात नवीन घन इंधनाचा स्टोव्ह बसवला की तो सक्तीचा आहे. युरोपीय मानक ५०२९१ छापलेलाच घ्यायचा, स्टोव्हपासून एक ते तीन मीटरवर, छताला लावला तर भिंतीपासून निदान ३०० मिमी सोडून. "हा वायू जड असतो, खाली लावा" असं सांगणारे भेटतात. तसं नाही. हवेपेक्षा तो किंचित हलकाच असतो आणि सगळीकडे मिसळतो.

मला आवडली ती त्या मानकातली विचारपद्धत. ५० पीपीएमला अलार्म तासाभराने ते दीड तासाने वाजतो, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत, आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत. म्हणजे नुसता आकडा नाही, आकडा आणि वेळ. शरीरावरचा परिणामही असाच साठत जातो. म्हणूनच अलार्म गप्प आहे आणि डोकं मात्र दुखतंय, तर डोक्याचं ऐकायचं. आधी बाहेर पडायचं, विचार नंतर.

आता ज्या गोष्टीवर घरात खरी चर्चा झाली ती. वरचं सगळं माझ्या जिवाबद्दल झालं. पण धुराडं धूर बाहेर सोडतं, म्हणजे शेजाऱ्यांकडे. आमच्या डाव्या बाजूला सहा वर्षांचा मुलगा आहे, त्याला दमा आहे. आमचा भाग स्मोक कंट्रोल एरियात येतो. ही व्यवस्था आली १९५६ च्या क्लीन एअर अ‍ॅक्टने, आणि तो कायदा आला डिसेंबर १९५२ च्या लंडनच्या धुरक्यानंतर, ज्यात हजारो माणसं गेली. या भागात शेडच्या छतातून धुराडं काढलं की तिथेही सरकारमान्य कमी धुराचा स्टोव्हच लागतो, किंवा मान्यताप्राप्त बिनधुराचं इंधन. मी असा मान्यताप्राप्त स्टोव्ह घेतला. लाकूडही २० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचं. २०२१ पासून इंग्लंडात किरकोळीत विकायचं सरपण तसंच असावं लागतं.

पण मान्यताप्राप्त म्हणजे निर्मळ नव्हे. घरोघरची लाकडं हा या देशातल्या सूक्ष्म धूलिकणांच्या मोठ्या स्रोतांपैकी एक आहे. कायद्याने मला परवानगी दिली तरी त्या मुलाच्या फुप्फुसांनी दिलेली नाही. मी त्याच्या आईशी जाऊन बोललो. ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत हेच पुष्कळ." मला काही ते पुष्कळ वाटलं नाही. शेवटी ठरलं ते असं : रोजच्या कामाला विजेचाच हीटर. स्टोव्ह फक्त शनिवारी-रविवारी, दोन-तीन तास. वारा त्यांच्या घराकडे असेल किंवा पडलेला असेल तर नाही. आणि त्यांच्याकडून एक मेसेज आला की त्या दिवशी पुन्हा नाही, कारण विचारायचं नाही. गेल्या हिवाळ्यात असे अकरा शनिवार-रविवार पेटला. एवढ्यासाठी एवढा खर्च? (नळीचाच खर्च स्टोव्हपेक्षा जास्त झाला, तो आकडा इथे लिहीत नाही, बायकोही वाचते.) हिशेबात बसत नाही हे खरंच. तुम्ही फक्त उबेसाठी विचार करत असाल तर करू नका, हीटर घ्या.

आणि केलंतच, तर शेडच्या दाराला आतून लावलेली ही यादी तुमच्यासाठी :

पेट्रोल, थिनर, रंग, गवत कापायचं मशीन शेडमध्ये नाही. त्यांना वेगळी जागा.

बसायची खुर्ची अशी की स्टोव्ह आणि दार यांच्या मधे आपण. दार आणि आपण यांच्या मधे स्टोव्ह कधीच नाही. दार बाहेर उघडणारं, आतून कुलूप नाही.

राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, डबा बाहेर, फरशीवर. राखेखाली निखारा दिवसेंदिवस जिवंत राहतो, हे चूल पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

अलार्मचं बटण दर आठवड्याला दाबायचं. धुराडं वर्षातून एकदा तरी साफ करून घ्यायचं.

हवेच्या भोकासमोर काहीही ठेवायचं नाही. पिशवी नाही, खोकं नाही, कोट नाही.

शेडमध्ये झोपायचं नाही.

शेवटच्या नियमावर मुलीने अपील केलं होतं. दहा वर्षांची आहे, मैत्रिणींना बोलावून शेडमध्ये 'कॅम्पिंग' करायचं होतं, स्टोव्ह पेटवून. स्टोव्ह संध्याकाळीच विझवला तर चालेल का, हाही मुद्दा तिने वकिलासारखा मांडला. विझलेला म्हणजे नक्की किती विझलेला? वरून राखाडी दिसणारे निखारे ज्योतीशिवाय तासन्‌तास धुमसतात, आणि तेव्हा नळी गार होत असते, धूर ओढायची तिची ताकद कमी होत असते. कार्बन मोनॉक्साइडसाठी हीच सगळ्यात वाईट वेळ. हे तिला पटलं की नाही माहीत नाही. मग मी तिला पुण्यातल्या त्या सीनियरबद्दल सांगितलं, नावासकट. ती बराच वेळ गप्प होती. नंतर तिने विचारलं, "त्या काकांना कोणी सांगितलं नव्हतं का, की पुठ्ठा काढा म्हणून?"

कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा आमच्यापैकी कोणाला माहीतच नव्हतं.

तर मंडळी, तुमच्याकडे शेड नसेल, स्टोव्ह नसेल, इंग्लंडही नसेल. पण गावाकडे, भावाकडे, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या भाच्याकडे बाथरूममध्ये गॅस गीझर असेल, तर आजच फोन करा आणि त्या झडपेला पुठ्ठा लावलाय का ते विचारा. लावला असेल तर तो काढायला सांगा, आणि गीझर बाथरूमच्या बाहेर बसवून घ्या म्हणावं. काढल्यावर गार वारा येईल. येऊ दे.